अस्वलाचा पेपर

"वाळके बाई, आपल्याले एक पेपर लिहाचा आहे," वासेकर सर म्हणाले, तेव्हा मी पेनाचं टोपण काढून विचारलं, "कोणत्या वॉर्डातला पेशंट आहे सर?"

सर खुर्चीतल्या खुर्चीत हसत सुटले. माझं तरी काय चुकलं? उभी नोकरी रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली. आमच्याकडे पेपर म्हणजे केसपेपर. पेशंट भरती झाला की उघडायचा, सुट्टी झाली की बंद करायचा, नंबर टाकून गठ्ठ्यात बांधायचा. सरांना हवा होता तो पेपर वेगळाच. आपण कोणते पेशंट पाहिले, त्यांच्यावर काय केलं, पुढे त्यांचं काय झालं, हे रीतसर इंग्रजीत लिहून शस्त्रक्रियेच्या एखाद्या मासिकाकडे पाठवायचं. तिथे त्याच विषयातले दोन-तीन जाणकार तो तपासतात. आपलं नाव त्यांना कळत नाही, त्यांचं आपल्याला. त्यांना पटलं तर छापून येतो आणि जगातला कुठलाही डॉक्टर तो वाचू शकतो.

"विषय काय सर?"

"अस्वल," सर म्हणाले.

आमचं रुग्णालय एटापल्लीच्या वाटेवरचं. सरकारी, तीस खाटांचं. नाव मुद्दाम देत नाही. मी मूळची राजुऱ्याची. वडील कोळशाच्या खाणीत होते आणि मुलीनं टेबलावर बसून काम करावं ही त्यांची एकच इच्छा होती. ती पुरी झाली, पण टेबल मिळालं ते जंगलात. रेकॉर्ड रूमला एक खिडकी, वाळवीनं पोखरलेली दोन कपाटं आणि लाल कापडात बांधलेले गठ्ठे छतापर्यंत. जुन्या कागदाचा, डीडीटीचा आणि आयोडिनचा मिळून एक वास यायचा. निवृत्त होऊन वर्ष झालं, अजून कधी जुनी ट्रंक उघडली की तो वास आल्यासारखा वाटतो आणि मी उगाच जरा वेळ तिथेच बसते.

उन्हाळ्याच्या तोंडाला मोह गळायला लागला की बाया पहाटेच फुलं वेचायला जातात. अस्वलालाही मोह आवडतो. दोघांची गाठ पडली की अस्वल मागच्या पायांवर उभं राहतं आणि पंजा मारतं तो तोंडावर. गाल, डोळा, जबडा, काही जागेवर राहत नाही. असा पेशंट आला की पट्टी बांधून नागपूरला पाठवायचा, ही सगळीकडची रीत. वासेकर सर यवतमाळकडचे, साधे सर्जन, प्लास्टिक सर्जन वगैरे नव्हेत. पण त्यांनी पाठवणं बंद केलं. "नागपूरले पोचेपर्यंत जखम सडते बाई. आन अर्धे लोक गाडीतून उतरून घरीच निघून जातात," ते म्हणत. जखम तासभर नुसती धुवायची, मग मांस जुळवत जुळवत शिवायची. धुणं हेच अर्धं ऑपरेशन, असं ते ओटीतल्या सिस्टरना सांगायचे. त्यांना हे लिहून ठेवायचं होतं. आपल्यासारख्या आडगावच्या रुग्णालयात एकट्यानं बसलेल्या एखाद्या तरुण डॉक्टरला ते वाचून हिंमत येईल, एवढाच हेतू.

माझं काम होतं जुने केसपेपर शोधायचं. बाहेरच्या माणसाला हे सोपं वाटेल. आमच्याकडे निम्मे पेशंट आत्राम, मडावी, नाहीतर नरोटे. वय कोणालाच माहीत नसतं, म्हणून डॉक्टर 'अंदाजे' लिहितो. एका आजोबांचं वय मी दहा वर्षं साठच पाहिलं. एकदा मी त्यांना म्हटलं, "बाबा, तुमचं वय वाढतच नाई." ते म्हणाले, "वाढून कुठी जाते बाई?" मग नाव, गाव आणि आजार अशा तीन दोऱ्यांनी कागदाला कागद जोडायचा. भरतीचा पेपर एका गठ्ठ्यात, नंतर तपासणीला आल्याची चिठ्ठी दुसऱ्यात. दोन्ही सापडून टाचणी लागली की जो आनंद व्हायचा, तो सांगून कळायचा नाही. मी त्या कामात वाकबगार आहे असा माझा समज होता. सरांचाही होता.

दुपारची ओपीडी संपली की सर रेकॉर्ड रूममध्ये येऊन बसायचे. कँटीनचा काळा चहा आणि समोर केसपेपर. ते सांगायचे, मी संगणकावर टाइप करायची. माझं इंग्रजी बेताचं, पण स्पेलिंग पक्कं. एक वाक्य त्यांना फार आवडलं होतं, की आमच्या पेशंटांपैकी एकही दगावला नाही. ते वाक्य त्यांनी सुरुवातीच्या सारांशात घातलं, मध्ये घातलं आणि शेवटीही.

पेपर लिहिणं एकवेळ सोपं, पाठवणं महाकठीण. मासिकाच्या नियमांचीच वीस पानं. फोटो इतक्या ठिपक्यांचा पाहिजे, पहिल्या पानाशिवाय डॉक्टरचं नाव कुठेही दिसता कामा नये, पेशंटाची लेखी परवानगी पाहिजे, त्याचं नाव मात्र कुठेच नको. आमच्या इंटरनेटला रेंज मिळायची ती पाण्याच्या टाकीपाशी. शेवटी एका शनिवारी आम्ही दोघं एसटीनं गडचिरोलीला गेलो आणि एका कॉम्प्युटर सेंटरात बसलो. अस्वलानं फाडलेल्या चेहऱ्यांचे फोटो पडद्यावर आले तसा सेंटरवाला पोरगा पांढराफटक पडला. सर त्याला म्हणाले, "फोटो मोठे करून दे." तो चाचरत म्हणाला, "पासपोर्ट साइज करू काय सर?" चार वाजता पेपर गेला. बसस्टँडवर सरांनी मला आलूबोंडा खाऊ घातला आणि म्हणाले, "बाई, आता आपण शास्त्रज्ञ."

महिन्याभरात उत्तर आलं. विषय स्थानिक स्वरूपाचा असल्यामुळे स्वीकारता येत नाही. सरांनी ते दोनदा वाचलं. "अस्वल स्थानिकच राह्यते ना बाई. ते काय इमानात बसून फिरते?"

दुसऱ्या मासिकानं नाकारला नाही, पण एक अट घातली. तपासणाऱ्यानं लिहिलं होतं की काम मोलाचं आहे, मात्र हे पेशंट घरी गेल्यावर पुढे कसे आहेत? त्यांना जेवता येतं का? तोंड उघडतं का? प्रत्यक्ष पाहून कळवावं. सर ऑपरेशन सोडून गावोगाव फिरणार कसे? त्यांनी एक सोपा फॉर्म बनवला आणि माझ्या हातात दिला. पेशंटाला त्याची स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात घालायला लावायची. मावली तर जबडा ठीक. बाकी चार प्रश्न. सोबत सुमित्रा, त्या भागातली आशा कार्यकर्ती, माडिया बोलणारी.

मला ते दिवस फार सुखाचे वाटतात. आजवर जे माझ्यासाठी नंबर होते ते लोक दारात उभे राहून जोहार करायचे. एक पांडू मडावी भेटले, एक डोळा गेलेले. तीन बोटं तोंडात घातली, काढली आणि मलाच विचारलं, "ते अस्वल कसं आहे?" मी म्हटलं, "मले काय माहीत?" ते म्हणाले, "तुमी त्याचाबी कागद ठेवत असान ना." दुसरी एक बाई दोन वर्षं तोंडाला पदर बांधून हिंडायची. ती आता आठवडी बाजारात चिंच विकत बसलेली दिसली, पदराशिवाय. मी फॉर्मवर खूण केली आणि पावशेर चिंच घेतली.

मैनी नरोटेच्या गावाला आम्ही लसीकरणाच्या गाडीनं गेलो. दोन टोल्यांचं, म्हणजे दोन वस्त्यांचं गाव, एक वर, एक खाली. तिचा पेपर मला पाठ होता. पंजानं खालचा जबडा मोडलेला. सरांनी तो जुळवून वरचे-खालचे दात तारेनं एकमेकांना बांधले होते. सहा आठवडे फक्त पातळ घ्यायचं आणि मग तार काढायला यायचं. पावसाच्या आत गावी जायचं म्हणून घरच्यांनी लवकर सुट्टी मागून घेतली होती. आणि त्याला टाचणीनं जोडलेली चिठ्ठी, काही महिन्यांनंतरची, 'अस्वलाच्या हल्ल्याची जुनी जखम, पूर्ण भरली.' ही चिठ्ठी सापडली त्या दिवशी मी सरांना हाक मारून दाखवली होती.

सुमित्रानं हाक दिली तशी घरातून एक बाई हसत बाहेर आली. मी तिच्या हनुवटीखाली व्रण शोधू लागले. व्रण नव्हता. तीन बोटं घाल म्हटल्यावर तिनं चार घातली.

"कुठी लागलं होतं?" मी विचारलं.

तिनं पोलक्याची बाही सरकवून खांदा दाखवला. चार पांढऱ्या रेघा.

"आन जबडा?"

ती सुमित्राकडे वळली. मग दोघी माडियात बराच वेळ बोलल्या. सुमित्रानं माझ्याकडे न बघता सांगितलं, "बाई, हे खालच्या टोल्यावरची मैनी. हिले खांद्यालेच लागलं होतं. पट्टी बांधून आली. मंग तापासाठी आपल्या दवाखान्यात गेलती, तवा डॉक्टरले खांदा दाखवला. जबडा तुटला ते वरच्या टोल्यावरची मैनी. दोघीबी एकाच वेळी मोहाले गेल्या होत्या."

"मग वरच्या टोल्यावर जाऊ," मी म्हटलं.

"ते नाई ना बाई. ते त्याच पावसाळ्यात गेली."

एकच नाव, एकच गाव, एकच अस्वल. चिठ्ठीवर टोला लिहिलेला नव्हता आणि मी विचारलाही नव्हता.

तरी आम्ही वर गेलो. मैनीचा नवरा लालसू अंगणात बांबूच्या कामट्या तासत बसला होता. त्यानं आम्हाला खाट दिली, पाणी दिलं. थोडं तो मराठीत बोलला, थोडं सुमित्रानं सांगितलं. घरी आल्यावर मैनी पेज प्यायची, जेवढी दातांच्या फटीतून जाईल तेवढी. मग हनुवटीखाली सूज आली, ताप आला. तार तोडायची की नाही हे त्यांना कळेना. डॉक्टरनं बांधलेली, हात कसा लावायचा? शेवटी लालसू एकटाच दवाखान्यात आला.

"मी आलतो," तो म्हणाला. "खिडकीवर. कार्ड मांगलं. कार्ड पाण्यात भिजलं होतं, नंबर दिसे नाई. बाई म्हणे, नंबराशिवाय पेपर सापडत नाई. डॉक्टर आज नाई, परवा ये म्हणे. मी घरी आलो. मंग नदीले पूर आला."

"कोणती बाई?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं असं मला वाटलं, कदाचित तसं नसेलही. "खिडकीवरची बाई," तो म्हणाला आणि पुन्हा कामटी तासू लागला.

आमच्या केसपेपरच्या खिडकीवर दोन बाया आळीपाळीनं बसत. एक जेवायला गेली की तिच्या जागी मी. 'नंबराशिवाय पेपर सापडत नाही' हे वाक्य मी दिवसातून दहादा बोलायची. ती मी होते की नव्हते, हे मला आजही सांगता येत नाही. आठवायचा खूप प्रयत्न केला. खिडकीबाहेरचे हात आठवतात, चेहरे नाही.

परतीच्या वाटेवर गाडीत माझ्या मांडीवर तो फॉर्म कोरा होता. सुमित्रा मध्येच उतरून गेली होती. खालच्या टोल्यावरच्या मैनीनं बोटं घातली होती, नाव मैनी नरोटेच होतं. खूण केली असती तर खोटं असं कागदावर कुठेच दिसलं नसतं. सरांचा पेपर छापून आला असता, माझी टाचणी बरोबर ठरली असती. दोन तास मी हाच विचार करत होते, हे कबूल केलं पाहिजे. माणूस लगेच खरं बोलतो असं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी राउंड संपल्यावर मी सरांना सगळं सांगितलं. खिडकीचंही सांगितलं. मला वाटलं, ते आधी पेपरचं विचारतील. त्यांनी विचारलं, "किती दिवस तरास झाला तिले?"

"आठ-दहा दिवस म्हणे."

ते उठून खिडकीशी गेले. "तार कापाचं कटर माझ्या ड्रॉवरमध्ये होतं बाई. नवऱ्याले एकदा दाखवाले पाहिजे होतं, असा त्रास झाला तर इथून काप म्हणून. मी कार्डावर लिहून देल्लं. मराठीत! आन खाली सही केली झोकात."

मी म्हटलं, "सर, चिठ्ठी मी चुकीची लावली."

"तुमी चिठ्ठी चुकीची लावली. पेशंट मी मारली," ते म्हणाले. हे खरं नव्हतं.

सरांचे एक वर्गमित्र नागपूरला नावाजलेले सर्जन. पेपरची भाषा तेच सुधारून देत. दुपारी सरांनी त्यांना फोन लावला, स्पीकरवर, मी समोरच होते. ऐकून घेऊन ते म्हणाले, "अरे, मग ती एक केस काढून टाक ना. यादीत नसलीच तर प्रश्नच मिटला. कोण येतंय तुझ्या जंगलात मोजायला?"

सर म्हणाले, "तिचा जबडा चांगला जुळला होता रे."

"म्हणजे?"

"म्हणजे माझं सगळ्यात चांगलं ऑपरेशन तेच होतं. ते काढून मी काय छापू?"

फोन ठेवला आणि सर माझ्याकडे वळले. "फाइल उघडा बाई. एकही दगावला नाही, ते वाक्य कुठीकुठी आहे?"

"तीन ठिकाणी."

"खोडा."

मी एकेक करून खोडलं. मग त्यांनी नवा मजकूर सांगितला. एक रुग्ण घरी दगावली. जखमेनं नव्हे, पुढची सोय नसल्यानं. तार बांधून पेशंट घरी पाठवायचा असेल तर ती कापायला घरच्यांना त्यांच्या भाषेत शिकवा, हातात कटर द्या, आणि नंबर नसला तरी खिडकीवरून कोणाला परत पाठवू नका. हे शेवटचं इंग्रजीत नीट बसेना. सरांनी तीन वेळा बदललं. तिन्ही वेळा मी पुन्हा टाइप केलं.

त्यानंतर आम्ही सगळे अस्वलाचे पेपर नव्यानं जुळवले. प्रत्येक नावापुढे नवऱ्याचं किंवा बापाचं नाव आणि टोला. त्यात दोन महिने गेले. मासिकानं मुदत वाढवून दिली. सुधारलेला पेपर पाठवायला आम्ही पुन्हा गडचिरोलीला गेलो. या वेळी आलूबोंडा मी खाऊ घातला.

पेपर स्वीकारला गेला. जागा कमी म्हणून संपादकांनी सरांचा तो परिच्छेद कापून दोन ओळींवर आणला. कटर राहिलं, खिडकी गेली. शेवटी आभाराच्या ओळीत माझं नाव आलं, 'मिस्टर आर. वाळके'. सरांनी दुरुस्तीचं पत्र लिहायला घेतलं. मी म्हटलं, "राहू द्या सर. वडिलांचं नाव रामदास. त्यांच्या नावानं छापलं असं समजते." सरांची पुढे बदली झाली. जाताना त्यांनी ड्रॉवरमधलं कटर ओटीच्या सिस्टरकडे दिलं नाही, माझ्या टेबलावर ठेवलं. आमच्याकडून तार बांधून जाणाऱ्या प्रत्येक पेशंटाबरोबर तेव्हापासून एक कटर जातं, आणि त्याचं रजिस्टर निवृत्त होईपर्यंत मी सांभाळलं. सर अधूनमधून फोन करतात. पेपर वाचून कुठल्या कुठल्या डॉक्टरांनी पत्रं पाठवली ते सांगतात. एक तर डोंगराळ भागातल्या एका एकट्या सर्जनचं होतं. सरांनी ते मला फोनवर पूर्ण वाचून दाखवलं.

निवृत्तीच्या आधीच्या महिन्यात मी त्या पेपरची एक प्रत घेऊन वरच्या टोल्यावर गेले. का गेले ते नेमकं सांगता येणार नाही. सुमित्रा बरोबर होती. लालसूचे केस पांढरे झाले होते. त्यानं प्रत हातात घेतली, पानं उलटली, फोटोंवर थांबला. त्यात मैनी नव्हती.

"याच्यात मैनी कुठी आहे?" त्यानं विचारलं.

मी तक्त्यावर बोट ठेवलं. एक आडवी ओळ. अनुक्रमांक, वय अंदाजे, जबडा, केलेली शस्त्रक्रिया आणि शेवटच्या रकान्यात एक इंग्रजी शब्द. तो शब्द काय आहे हे त्यानं विचारलं नाही.

"हे मैनी?"

"हो."

"नाव काऊन नाई?"

मी त्याला नियम सांगितला. पेशंटाचं नाव बाहेर सांगायचं नसतं, ते जपून ठेवायचं असतं, म्हणून नंबर देतात. सुमित्रानं ते माडियात सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं. मग प्रत माझ्याकडे परत सरकवली आणि त्या ओळीवर आपलं बोट टेकवलं.

"तुमी लिहा," तो म्हणाला.

नोकरीत मी केसपेपरच्या बाहेर कोणाचं नाव कधी लिहिलं नव्हतं. मी पर्समधून पेन काढलं आणि त्या छापील ओळीच्या पुढे, कोऱ्या जागेत, मोठ्या अक्षरात लिहिलं, मैनी लालसू नरोटे. त्याला वाचता येत नव्हतं.

"वाचून दाखवा."

मी वाचलं.

"आणखी एक डाव," तो म्हणाला.